कांबळे मॅडमचा टिकाऊ थर

बेळगावच्या भाजीबाजारात चांगला कांदा बाजूला सारून नासका निवडून घेणारी एकच बाई मी आयुष्यात पाहिली. कांबळे मॅडम. कांदेवालीसमोर उकिडव्या बसायच्या, एकेक कांदा उचलून वरचं साल नखानं सोलायच्या, आणि आत काजळीसारखी काळी भुकटी दिसली की चेहरा असा उजळायचा की बघणाऱ्याला वाटावं, हरवलेली अंगठी सापडली. पहिल्यांदा कांदेवालीला त्यांची दया आली. अडचणीतली बाई दिसते म्हणून तिनं दोन चांगले कांदे वर टाकले. मॅडमनी ते परत केले. मग ती शेजारणीला कानडीत म्हणाली, ही हुच्ची दिसते, म्हणजे वेडी. मॅडमचं कानडी माझ्यापेक्षा चांगलं. त्यांनी कानडीतच सांगितलं की वेडी आहे हे खरं, पण तू वजन नीट कर. पुढे तिनं काळ्या कांद्यांची एक वेगळी टोपलीच त्यांच्यासाठी ठेवायला सुरुवात केली.

मी त्यांची घरमालकीण. टिळकवाडीत आमचं बैठं घर, आणि मागच्या अंगणात दोन खोल्या. त्या खोल्या त्यांनी भाड्यानं घेतल्या तेव्हा सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं होतं. मी शाळेत शिकवत होते, आमचे हे बँकेत होते. कांबळे मॅडम कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. निपाणीच्या. आई तंबाखूच्या वखारीत रोजंदारीवर, वडील लवकर गेलेले. शिकल्या त्या आईच्या हट्टानं. उंच, सावळ्या, केस घट्ट मागे ओढून बांधलेले. कॉलेजात बोलायच्या ते पुस्तकी मराठी किंवा इंग्रजी. आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या की सरळ निपाणीची बोली. मला वैनी म्हणायच्या.

खोल्या घेताना त्यांनी पाणी येतं का, ऊन येतं का, असलं काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की तुमच्याकडं फ्रिज हाय म्हणं, ते खरं का. गल्लीत तेव्हा आमचा एकच फ्रिज. मी म्हटलं आहे. त्या म्हणाल्या, "मग एक कप्पा माझ्या पावणीला द्या."

ही पाहुणी म्हणजे काय, हे समजायला मला काही महिने लागले. मला समजलं तेवढं सांगते. कांद्यावरची ती काळी बुरशी गुळाच्या पाण्यात वाढवली की तिच्यात एक पदार्थ तयार होतो. त्याला एन्झाइम म्हणतात. त्याला साखर बरोबर ओळखता येते, दुसरं काही नाही. हा पदार्थ प्लॅटिनमच्या तारेच्या टोकावर अगदी पातळ थरात बसवायचा. ते टोक रक्ताचा थेंब घातलेल्या पाण्यात बुडवलं की साखर त्या थरात शिरते, एन्झाइम तिच्यावर काम करतो, त्यातून किंचित वीज निर्माण होते आणि पेटीतला काटा हलतो. जितकी साखर, तितका काटा पुढे. त्या काळी मधुमेहाच्या माणसाला साखर बघायची म्हणजे निळ्या औषधात लघवी उकळायची आणि रंगावरून अंदाज करायचा. मॅडमना तो अंदाज नको होता. त्यांना काटा हवा होता.

अडचण अशी की तो थर टिकत नसे. एन्झाइम नुसता लावला तर पाण्यात वाहून जायचा. अंड्याचा पांढरा बलक आणि जिलेटिन घालून, वरून दवाखान्यात हत्यारं बुडवतात त्या औषधाचा थेंब टाकून आवळला, तर वाहून जायचा नाही, पण दमच सोडायचा. आणि नीट बसला तरी उन्हाळा आला की आठवड्यात मेलेला. थर मेला की मॅडम "गेली बिचारी" म्हणायच्या आणि त्या दिवशी फक्त ताक पिऊन राहायच्या.

या थराच्या पायी आमचं घर त्यांनी हळूहळू पोखरलं. थराला आधार म्हणून बारीक जाळी हवी होती, म्हणून माझ्या नव्याकोऱ्या नायलॉनच्या साडीचा निऱ्यांच्या आतला तुकडा गेला. चांदीची तार सोनाराकडून आली, ती देताना सोनारानं मला विचारलं की मॅडमचं लग्न ठरलंय का. कुंद्याच्या खोक्यावरचा पारदर्शक कागद आम्ही कुंदा खाण्याआधीच त्या मागून न्यायच्या. वीज गेली की त्या ओलं पोतं घेऊन यायच्या, फ्रिजवर पांघरायच्या आणि समोर स्टूल टाकून बसायच्या. आमच्या मुलांना सक्त ताकीद, वीज येईपर्यंत दार उघडायचं नाही. धाकटा एकदा म्हणाला की आपल्या फ्रिजमध्ये दुधापेक्षा पाहुणीचाच मान जास्त आहे.

सासूबाईंना ही पाहुणी मान्य नव्हती. त्यांचा आक्षेप बुरशीला होता की आणखी कशाला, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण मॅडमची बाटली असलेल्या कप्प्याला त्या हात लावत नसत. एकदा मी शाळेत असताना पाहुणे आले. सासूबाईंनी शिरा केला. केशर भिजवलेलं पाणी म्हणून फ्रिजच्या दुसऱ्या कप्प्यातल्या एका वाटीतलं पिवळं पाणी त्यात ओतलं. संध्याकाळी मॅडम वाटी शोधत आल्या. ती पाहुणी होती. सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. शिरा सगळ्यांनी खाल्ला होता, त्यांनी स्वतः दोन वेळा. मॅडमनी शांतपणे विचारलं की वाटीतलं पाणी शिरा शिजताना घातलं का उतरवल्यावर. शिजताना, म्हटल्यावर मान हलवली.

"मग गेली बिचारी. तुमास्नी कायबी हुणार न्हाय, आजी. अंड्याच्या पांढऱ्यात आन त्यात लई फरक न्हाय."

अंड्याचं नाव ऐकून सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी उपास केला. पण त्यानंतर मात्र, का कोण जाणे, त्यांचा आक्षेप संपला. आता जे व्हायचं ते होऊन गेलं, असं काहीतरी त्यांनी मनाशी ठरवलं असावं. पुढे तर मी घरात नसले की त्याच बाटली आतल्या बाजूला सरकवून ठेवायच्या, गार लागावं म्हणून.

मॅडमचा एक शब्दप्रयोग कॉलेजभर प्रसिद्ध होता. "काटा म्हणंल ते." पोरानं एक मार्क वाढवून मागितला तरी हेच, प्राचार्यांनी कुणाची शिफारस केली तरी हेच. मी नवी साडी नेसून कशी दिसते विचारलं तर माझ्याकडे नीट बघून, काटा पुढं जात न्हाय वैनी, असं म्हणणारी ही बाई. प्रयोगात आलेला आकडा त्यांनी कधी इकडचा तिकडे केला नाही. विद्यापीठातल्या त्यांच्या पीएच.डी.च्या मार्गदर्शकांना त्याचा अभिमान होता आणि थोडी धास्तीही.

शिप्पूरकर आले ते अशा या बाईच्या आयुष्यात.

निपाणीच्या तंबाखूच्या वखारवाल्यांच्या घरातले धाकटे भाऊ. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, थोरल्या भावाच्या कुटुंबात राहायचे. पुतण्याला कॉलेजात प्रवेश घ्यायला बेळगावला आले आणि ऑफिससमोरच्या रांगेत त्यांना घाम फुटून डोळ्यांपुढे अंधारी आली. सकाळी इन्शुलिन घेतलेलं आणि बसच्या गडबडीत पोटात काही नाही. मॅडम तिथून वर्गावर चालल्या होत्या, हातात साखरेचं मोजून केलेलं द्रावण. त्यांनी गृहस्थांकडे एकदा पाहिलं आणि ते द्रावण त्यांच्या तोंडाला लावलं. ते सावरल्यावर पहिलं वाक्य बोलल्या ते असं, की माझा सकाळचा सगळा खटाटोप तुम्ही प्यायलात, आता निदान बोटाचं थेंबभर रक्त द्या.

त्यांनी दिलं. काट्यानं सांगितलेला आकडा आणि दवाखान्यातला आकडा जवळपास सारखा आला. मॅडमनी तेव्हाच त्यांना शब्द दिला की एकदा का थर टिकाऊ झाला की ही पेटी तुम्हाला देते, निपाणीत घरी बसून साखर बघा. तोपर्यंत मात्र तुम्हाला इथं यावं लागेल, कारण थर पंधरा दिवसांत मरतो आणि त्याला फ्रिज लागतो.

मग शिप्पूरकर एक शनिवार सोडून एक शनिवार येऊ लागले. पहिल्या बसनं, उपाशी पोटी. स्वच्छ धोतर, काळी टोपी, छत्री, आणि हातात पिशवी. पिशवीत निपाणीच्या बाजारातून निवडून आणलेले काळे कांदे. एरवी कुणी कुणाला मोगरा आणतं, आंबे आणतं. हा गृहस्थ नासके कांदे आणायचा, आणि मॅडम ते एकेक करून उजेडात धरून बघायच्या. निपाणीचं काळं लई झ्याक हाय, असं एकदा त्या म्हणाल्या तेव्हा शिप्पूरकर लाजलेले मी स्वतः पाहिले.

त्यांच्या बोटांना तंबाखूचा वास कायमचा बसलेला. मॅडम त्यांना आमच्या नळावर साबणानं हात धुवायला लावायच्या, हुंगायच्या, पुन्हा धुवायला पाठवायच्या. मग थेंब, मग काटा. त्यानंतर त्यांनी बांधून आणलेली भाकरी खायची आणि दोन तासांनी पुन्हा थेंब द्यायचा. हे दोन तास दोघं अंगणात फणसाखाली खुर्च्या टाकून बसायची. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी अंगणात उघडते, त्यामुळे त्यांचं बोलणं मी काही मुद्दाम ऐकत नव्हते, पण ऐकू येत होतं. बोलणं म्हणजे संकेश्वरला बस किती थांबली, या वर्षी तंबाखूचं पान कसं आहे, बुरशीला गूळ कुठला मानवतो. मध्येच बराच वेळ कुणी काही बोलायचं नाही. कधी मी चहा द्यायला गेले तर शिप्पूरकर उठून उभे राहायचे. सासूबाई म्हणायच्या की हा माणूस इतक्या लांबून रक्त द्यायला येतो, निपाणीत काय डॉक्टर नाहीत. निपाणीत डॉक्टर होते. मला माहीत होतं, सासूबाईंना माहीत होतं. मॅडमना माहीत नव्हतं असं कसं म्हणू.

एका थंडीत माझी नणंद बाळंतपणाला आमच्याकडे आली. मी डिंकाचे लाडू करत होते. डिंक गुंजीकडच्या रानातला, एका ओळखीच्या माणसानं आणून दिलेला. मॅडम दारात उभ्या राहून बघत होत्या. एक खडा उचलून त्यांनी जिभेवर ठेवला, ओट्यावर थेंबभर पाण्यात विरघळवून बोटानं ताणून बघितला आणि विचारलं की मूठभर नेऊ का. आठवड्यानं मी विचारलं, डिंकाचं काय झालं. त्या म्हणाल्या, बगूया. पुढे कधीतरी पुन्हा विचारलं, तेव्हाही बगूया. मी समजले की बाकीच्या वस्तूंसारखा डिंकही वाया गेला.

वर्षं जात राहिली. मॅडमचा प्रबंध काही पुरा होईना. मार्गदर्शकांची पत्रं यायची, नंतर ते स्वतः एकदा येऊन गेले. सगळं झालंय, थर किती काळ टिकतो एवढंच एक प्रकरण लिहायचं राहिलंय, ते लिहा आणि मोकळ्या व्हा, असं त्यांनी अंगणात उभं राहून समजावलं. मॅडम म्हणाल्या की अजून समाधान नाही. कॉलेजात त्यांच्या मागून लागलेले लोक डॉक्टर झाले. मागे खसखस पिकायची की कांबळे मॅडमचा थर टिकत नाही आणि प्रबंध संपत नाही. मी त्यांची बाजू घ्यायची. फार काटेकोर आहेत, म्हणायची, मनासारखं झाल्याशिवाय लिहिणार नाहीत.

ऐंशीचं दशक अर्धं सरलं असेल. शिप्पूरकरांचा पुतण्या आता परदेशात नोकरीला होता. तो सुट्टीवर आला तेव्हा काकांसाठी हाताच्या पंजात मावणारं एक यंत्र घेऊन आला. कागदी पट्टीवर थेंब ठेवायचा, आकडा समोर. त्या शनिवारी शिप्पूरकरांनी ते यंत्र पिशवीतून काढून मॅडमच्या हातात दिलं, एखादा पोरगा मोडलेलं खेळणं दाखवतो तसं. मॅडमनी पट्टी उजेडात धरली, भिंगातून पाहिली. ह्यास्नी थर चांगला जमलाय, म्हणाल्या.

त्यानंतरही शिप्पूरकर दोन-तीनदा आले. म्हणायचे, ह्या यंत्राचा भरवसा वाटत नाही, तुमच्या काट्याशी ताडून बघा. शेवटच्या खेपेला मी चहा घेऊन अंगणातच होते. मॅडमनी एकाच थेंबाचं दोन्हीकडं माप घेतलं. पुन्हा घेतलं. आकडे जुळत होते. शिप्पूरकर पेटीकडे न बघता मॅडमकडे बघत होते.

मॅडम म्हणाल्या, "यंत्र बराबर हाय तुमचं. एवढा परवास कशाला करतायसा?"

शिप्पूरकर म्हणाले, "बरं." टोपी नीट केली, यंत्र पिशवीत ठेवलं, मला नमस्कार केला आणि निघाले. दुसरा थेंब द्यायला त्या दिवशी ते थांबले नाहीत. पुढच्या खेपेच्या शनिवारी आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत.

मॅडमनी काही दाखवलं नाही. फक्त बाजारात जाणं थांबवलं, आणि रोज संध्याकाळी लिहायला बसू लागल्या. पावसाळा सरायच्या आत प्रबंध गेला. इतकी वर्षं अडलेलं ते टिकाऊपणाचं प्रकरण महिन्याभरात झालं. पदवी मिळाल्याची बातमी आली त्या दुपारी मी त्यांना जेवायला बोलावलं, पुरणपोळी केली. सासूबाईंनी आपल्या हातानं वाढलं. जेवण झाल्यावर आम्ही दोघी ओट्याशी उभ्या होतो. मी सहज विचारलं की थर इतकी वर्षं टिकत नव्हता, तो एकदम टिकला कसा.

"एकदम कुठलं," त्या म्हणाल्या. "तुमच्या नणंदेच्या बाळंतपणातला डिंक घातला न्हवं, तवाचा थर हाय तो. वाळवून डब्यात ठेवलाय. फ्रिजबी लागत न्हाय. आजून चालतोय."

नणंदेचा तो मुलगा आता शाळेत जात होता. मी हातातलं भांडं खाली ठेवलं. म्हटलं, मग पंधरा दिवसांत मरतो म्हणून तुम्ही सांगत होता ते?

"खोटं."

त्या खिडकीतून अंगणाकडे बघत होत्या. मग हळूहळू बोलल्या. थर टिकतोय म्हटल्यावर पेटी द्यावी लागली असती. शब्द दिला होता. पेटी दिली की शिप्पूरकरांचं येणं संपलं. आणि प्रबंधात खरं लिहिल्यावर त्यांच्या तोंडावर खोटं बोलायला जमलं नसतं, एका वेळी दोन आकडे सांगायची सवय नव्हती. म्हणून प्रबंध ठेवून दिला.

मी म्हटलं, मग ते यंत्र घेऊन आले तेव्हा तरी दोन शब्द वेगळे बोलायचे. ते आकड्यासाठी थोडेच आले होते.

"काटा जुळला, वैनी. न्हाय जुळला कसं म्हणू?" आणि थोड्या वेळानं, "आन काय सांगू? या म्हणून सांगू? माझी आई त्यांच्याच वखारीत तंबाखू निवडायची. पाणी प्यायचं झालं तर मागच्या दारी, वरनं ओंजळीत. त्यास्नी ठावं हुतं. पयल्याच दिवशी मी आईचं नाव सांगितल्यालं. त्यांनी ते परत कवा काडलं न्हाय, म्याबी न्हाय."

मी खाली ठेवलेलं भांडं उचलून घासायला घेतलं.

महिन्याभरात आमच्या ह्यांना बँकेच्या कामासाठी निपाणीला जावं लागलं. मॅडमनी पेटी आणि वाळवलेल्या थरांचा डबा त्यांच्याबरोबर दिला. दिलेला शब्द पुरा करायचा, एवढंच म्हणाल्या. परत आल्यावर ह्यांनी सांगितलं ते असं. शिप्पूरकर पुढच्या सोप्यात खाटेवर होते. पायाला जखम झालेली, ती भरत नव्हती. परदेशी यंत्र फडताळात पडलेलं, पट्ट्यांची डबी तशीच. शेवटच्या शनिवारनंतर त्यांनी साखर बघितलीच नव्हती. थोरल्या वहिनींनी रागानं सांगितलं की किती वेळा म्हटलं तरी ऐकत नाहीत. ह्यांनी पेटी पुढे केली तेव्हा शिप्पूरकरांनी तिच्यावरून हात फिरवला आणि मॅडम बऱ्या आहेत ना, एवढंच विचारलं.

हे मी मॅडमना सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी जखम कुठल्या पायाला आहे ते विचारलं. शनिवारी सकाळी त्या पहिल्या बसनं निपाणीला गेल्या.

मग उलटा प्रवास सुरू झाला. आता एक शनिवार सोडून नाही, दर शनिवारी; निपाणीत कुणाला ती चालवता येईना, म्हणून पेटीही मॅडमच नेत-आणत. एकदा मीही बरोबर गेले. समोरच्या दारानं आम्ही सोप्यात गेलो. शिप्पूरकर खाटेवर उठून बसले, फार वाळले होते. मॅडमनी आल्याबरोबर त्यांना हात धुवायला लावले, पाणी त्यांनीच तांब्यानं घातलं. थेंब घेतला, काटा बघितला, आणि बोलल्या ते फक्त रागावून. भात किती खाल्ला, इन्शुलिन कधी घेतलं, गोड कुणी दिलं. शिप्पूरकर खाली मान घालून ऐकत होते आणि मिशीत हसत होते. नंतर दोघं गप्प बसली. थोरल्या वहिनी आतल्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या, आमच्याकडे बघितलं, चहा बाहेरच पाठवला. कपबश्या चांगल्या होत्या. मॅडम सोप्याच्या पलीकडे गेल्या नाहीत, कुणी बोलावलंही नाही.

त्या येण्याजाण्यानं साखर खूपच ताब्यात आली. पण पाय हातचा गेला होता. मिरजेला नेऊन तो कापला. नंतर मूत्रपिंडं दमली. डॉक्टर म्हणाले की मधले ते महिने नडले. मॅडमनी हे मला सांगताना आवाज बदलला नाही. फक्त त्या दिवशीपासून त्यांनी काटा म्हणंल ते असं म्हणणं सोडलं. कॉलेजातल्या पोरांनाही ते जाणवलं होतं.

थंडीच्या दिवसांत एका शनिवारी त्या नेहमीसारख्या पेटी घेऊन गेल्या. त्यांना कुणी कळवलं नव्हतं. कळवणार कोण, आणि कोण लागतात म्हणून. गल्लीच्या तोंडाशीच त्यांना माणसं उभी दिसली. आदल्या दिवशी सगळं झालं होतं.

संध्याकाळी त्या परतल्या तेव्हा मी अंगणात वाळलेले कपडे काढत होते. चेहऱ्यावरून समजले. आत आणलं, बसवलं, चहा केला. सासूबाई काही न विचारता त्यांच्याशेजारी येऊन बसल्या. मी विचारलं, खूप लोक होते का.

"हुते," त्या म्हणाल्या. "मी दारात पेटी घेऊन उभी. परत फिरावं म्हटलं. तवर थोरल्या वैनी आतनं आल्या. हातातली पेटी काडून घेतली, बाजूला ठेवली. हाताला धरून आत नेलं बगा. सोप्यात न्हवं, माजघरात. घरच्या बायका बसल्या हुत्या, त्यात बसवलं."

चहा गार झाला होता. त्यांनी तो तसाच प्यायला.

"सगळ्या बायका बगत हुत्या," त्या म्हणाल्या. "कुणी इचारलं न्हाय वैनी, ही कोण म्हणून."